लिंबावरचा खैऱ्या: कुठून येतो, कुठे दडतो आणि फवारणी का वाया जाते

भडगाव तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. गिरणाकाठच्या काळ्या जमिनीत दोन एकर कागदी लिंबू, बागेचं तिसरं वर्ष, पाणी ठिबकवर. जूनच्या पावसानंतर पानांवर आणि काड्यांवर तांबूस, खरबरीत ठिपके आले. आता ऑगस्ट संपत आला तर फळांवरही तेच. दुकानातून आणलेलं अँटिबायोटिक चार वेळा फवारलं, पण दर पावसानंतर रोग पुन्हा डोकं वर काढतो. बांधापलीकडच्या मोसंबीवर मात्र अगदी तुरळक. वडील म्हणतात, "या खैऱ्यानी पुरी वाट लाई दिन्ही, उपटी टाक." हा रोग आला कुठून, जमिनीत राहतो का, औषध का लागू पडत नाही आणि बाग उपटायची की ठेवायची, असं त्याने विचारलंय.

भाऊ, वडिलांच्या बोलण्याचं उत्तर आधी देतो: बाग उपटू नका. तीन वर्षांचं झाड आता कुठे हाताशी आलंय आणि खैऱ्याने, म्हणजे जिवाणूमुळे येणाऱ्या या खरबरीत ठिपक्यांच्या रोगाने, ते मरत नाही. चार फवारण्या वाया गेल्या त्या वेळ चुकल्यामुळे. पानावर ठिपका दिसला म्हणजे जिवाणू आठ-दहा दिवसांपूर्वीच आत शिरलेला असतो. त्या पानापुरतं काम संपलेलं असतं, वरून काहीही मारलं तरी तो ठिपका जात नाही. फवारणी करायची असते ती पुढच्या पालवीसाठी, आणि तीही पाऊस येण्याआधी. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचं सगळं तिच्या मागोमाग येतं, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

खैऱ्याच आहे याची खात्री अशी करा. सकाळी एक कोवळं, अर्धवट पसरलेलं पान तोडून उन्हाकडे धरा. अगदी सुरुवातीची लागण असेल तर पानाच्या खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे तेलकट, पाणी भरल्यासारखे ठिपके दिसतील. काही दिवसांनी तोच ठिपका फुगतो, पांढरट-पिवळसर आणि स्पंजासारखा होतो. मग त्याचं तोंड फाटतं, मध्ये खळगा पडतो, रंग तपकिरी होतो आणि भोवती पिवळं वलय येतं. ठिपका पानाच्या दोन्ही बाजूंनी उठलेला असतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी वर आणि खाली दोन्हीकडे खरबरीत लागतं. नखाने खरवडून बघा. खवले कीड असेल तर ती नखाला सुटून येते, खैऱ्या सुटत नाही, कारण तो पानाच्या स्वतःच्या पेशींचा झालेला असतो. फळावर तेच खरबरीत डाग येतात, पण तिथे पिवळं वलय सहसा दिसत नाही. काडीवरचे डाग बघायला बहुतेक जण विसरतात, आणि खरी गोम तिथेच आहे. काडीवर ते लांबट, बुचासारखे जाड आणि चिरलेले असतात. जुन्या काडीवर तर सालीत मिसळून गेलेले, मुद्दाम शोधल्याशिवाय नजरेत न येणारे. शंका राहिलीच तर ताजा ठिपका असलेली दोन-चार पानं कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्या. ठिपक्याच्या कडेची बारीक चकती पाण्याच्या थेंबात ठेवली की सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या कडेतून जिवाणूंचा धुरकट लोट बाहेर पडताना दिसतो. एकदा तो डोळ्यांनी पाहिलात तर पुढे मी काय सांगतोय ते पटायला वेळ लागणार नाही.

या जिवाणूचं नाव झँथोमोनास सिट्राय. काडीच्या आकाराचा, लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाच्या आसपास, एका टोकाला एकच शेपूट, आणि त्या शेपटीच्या जोरावर तो पाण्यात पोहतो. प्रयोगशाळेत वाढवला की पिवळ्याजर्द, चिकट वसाहती होतात. तो चिकटा त्याच्या फार कामाचा आहे. त्याच्या आवरणामुळे जिवाणू कोरड्या हवेत लगेच सुकत नाही आणि पानाला धरून राहतो. त्याला सगळ्यात मानवतं ते २८ ते ३० अंश तापमान. आता आपलं हवामान बघा. मे महिन्यात ४४-४५ अंश, पानावर थेंब नाही, तेव्हा रोग पुढे सरकत नाही. जूनमध्ये पाऊस पडला की दिवसाचं तापमान तिशीच्या आसपास उतरतं, पानं ओली, झाडाला नवी पालवी. जून ते सप्टेंबर म्हणजे त्याच्या हंगामाला सगळं जुळून आलेलं.

आत शिरायला त्याच्याकडे स्वतःची सुई नाही की दात नाहीत. एक तर पानाची श्वसनछिद्रं, नाहीतर जखम, एवढ्याच दोन वाटा. लिंबूवर्गीय झाडांच्या पानांना छिद्रं मुख्यतः खालच्या बाजूला असतात, म्हणून पहिला तेलकट ठिपका खाली दिसतो. नुसत्या रिमझिम पावसात पाणी छिद्रात सहजासहजी शिरत नाही. पण पावसाला वाऱ्याची जोड मिळाली की गोष्ट बदलते. ताशी साधारण २९ किलोमीटरच्या वर वारा गेला की थेंब पानावर आदळतो आणि जिवाणूसकट पाणी छिद्रातून आत रेटलं जातं. आपल्याकडे रावेर-यावल-चोपड्याकडची केळी जूनच्या ज्या वादळी पावसात आडवी होते, तोच पाऊस लिंबाच्या बागेत खैऱ्या पेरून जातो. शिवाय कागदी लिंबाला काटे. वाऱ्यात फांदी फांदीवर घासते, काटा शेजारच्या पानाला, फळाला ओरखडा काढतो आणि त्या ओरखड्यावर लगेच दूषित थेंब पडतो. वादळानंतर दोन आठवड्यांनी बागेत फिरलात तर एका रेषेत आलेले ठिपके सापडतील. ती काट्याच्या ओरखड्याची रेघ असते.

आत गेल्यावर तो काय करतो हे शास्त्रज्ञांनी फार छान उलगडलंय. जिवाणू सूक्ष्म नळीतून आपली प्रथिनं थेट झाडाच्या पेशीत सोडतो. त्यातलं पीटीएच-ए नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात जातं आणि लिंबाच्याच एका जनुकाला चालू करतं. त्या जनुकाचं नाव लॉब-१. ते चालू झालं की पेशी बेसुमार फुगतात, वाढतात, आणि पानाचं कातडं फाटून जिवाणू बाहेर सांडायला मोकळा होतो. म्हणजे तुम्हाला दिसणारी ती खरबरीत गाठ झाडानेच घडवलेली असते, जिवाणूच्या हुकमावरून. अमेरिकेत आणि चीनमध्ये याच जनुकात फेरफार करून खैऱ्याला दाद न देणारी रोपं प्रयोगशाळेत तयार झाली आहेत. आपल्या शेतात ती यायला वेळ आहे, पण दिशा आशेची आहे. गाठ एकदा फुटली की पुढच्या पावसाचा प्रत्येक थेंब तिच्यातून हजारो-लाखो जिवाणू उचलतो आणि शेजारच्या पानावर टाकतो. म्हणून "दर पावसानंतर परत येतं" हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. फक्त ठिपका ज्या पावसानंतर दिसतो तो त्या पावसाचा नसतो, त्याच्या आधीच्या पावसाचा असतो. पोषक हवेत लागणीपासून ठिपका दिसेपर्यंत आठवडा ते दहा दिवस जातात, थंडीत कित्येक आठवडे.

पानाचं वय इथे फार महत्त्वाचं. अगदी कोवळं, नुकतं उलगडणारं पान तितकं बळी पडत नाही, कारण त्याची छिद्रं अजून नीट उघडलेली नसतात. पान अर्ध्याहून जास्त पसरलं पण कडक झालेलं नाही, फुटवा निघाल्यापासून साधारण दोन ते सहा आठवड्यांचं, हा खरा धोक्याचा काळ. एकदा पान गर्द हिरवं, चामड्यासारखं झालं की जखम झाल्याशिवाय खैऱ्या लागत नाही. फळाचंही तसंच. पाकळ्या गळाल्यापासून पहिले तीन महिने फळ नाजूक, त्यातही पहिले दोन महिने जास्त. त्यानंतर साल पक्की होते. तुमच्या फळांवर आज जे डाग आहेत त्यांची लागण फळ बोराएवढं असतानाच झालेली आहे. डाग सालीपुरताच असतो, रस बिघडत नाही, खायला काही अपाय नाही. बाजारात मात्र व्यापारी डाग बघूनच भाव पाडतो, आणि तुमचं नुकसान मुख्यतः तिथे होतं. लागण फार असेल तर पानगळ आणि फळगळ होते, ते वेगळं.

आता नागअळीबद्दल थांबून बोलायला हवं, कारण खान्देशात मी ज्या ज्या बागेत खैऱ्या हाताबाहेर गेलेला पाहिला तिथे नागअळीकडे दुर्लक्ष झालेलं होतं. पाने पोखरणारी ही अळी, म्हणजे कोवळ्या पानावर चांदीसारखी नागमोडी रेघ ओढणारी. तिचा पतंग एवढासा की दिसतही नाही. अळी पानाच्या सालीखालून चरत जाते आणि वरची नाजूक त्वचा सुटते. ती काही खैऱ्या अंगावर घेऊन हिंडत नाही. पण तिने केलेली वाट म्हणजे पानभर उघडी पडलेली जखम. साधा ओरखडा दोन-चार दिवसांत सुकतो, नागअळीची वाट भरायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पाऊस झाला की अख्ख्या नागमोडी वाटेवर ठिपक्याला ठिपका लागतो, पान वळतं, आणि त्या एका पानातून पुढच्या पावसात जेवढे जिवाणू बाहेर पडतात तेवढे साध्या लागणीच्या कितीतरी पानांमधून पडत नाहीत. म्हणून पालवी फुटली की पहिली नजर नागअळीसाठी. पालवी बोटभर असताना ५ टक्के निंबोळी अर्क मारा. प्रादुर्भाव जास्त असेल तर लिंबूवर्गीय पिकावर नागअळीसाठी शिफारस असलेलं कीटकनाशक, लेबलवरच्या मात्रेने, आणि फुलोऱ्यात मधमाश्या असताना ते नाही. पक्व पानांवर फवारून पैसे घालवू नका, अळी तिथे नसते.

मोसंबी का वाचली? मोसंबी पूर्ण प्रतिकारक नाही, पण कागदी लिंबाच्या मानाने बरीच सोशिक आहे. संत्रा आणखी सोशिक. कागदी लिंबू आणि ग्रेपफ्रूट ही या रोगाची सगळ्यात आवडती झाडं. त्यात कागदी लिंबाची खोड अशी की त्याला वर्षभर थोडीथोडी पालवी फुटतच राहते, एका झाडावर एकाच वेळी कळी, फूल, बोराएवढं फळ आणि काढणीचं फळ दिसतं. जिवाणूला कोवळं खाद्य कधी संपतच नाही. मोसंबीची पालवी एकदम येते, एकदम कडक होते. तुमच्या शेजाऱ्याने वेगळं औषध मारलं म्हणून त्याची बाग वाचली असं समजू नका. आणि त्याच्या मोसंबीवरचे तुरळक ठिपके बहुधा तुमच्याच बांधावरून गेलेत, तेव्हा त्यांच्याशी बोलून दोघांनी मिळून काम केलेलं बरं.

जमिनीत राहतो का? राहतो म्हणण्याइतका नाही. गळून पडलेल्या पानात, ते कुजेपर्यंत, तो काही आठवडे तग धरतो. मोकळ्या मातीत इतर सूक्ष्मजीव त्याला लवकर संपवतात. कोरड्या उन्हात, कॅरेटवर, कपड्यावर तो फार दिवस जगत नाही. त्याचं खरं घर काडीवरचा डाग. पान वर्ष-दीड वर्षात गळून जाईल, फळ तोडलं जाईल, पण काडी झाडावरच असते. तिच्या सालीत, डागाच्या कडेला, जिवाणू सगळा उन्हाळा काढतो, आणि असा डाग वर्षांवर वर्षं जिवंत राहू शकतो. मेमध्ये बाग स्वच्छ दिसते, शेतकरी म्हणतो रोग गेला. जूनच्या पहिल्या पावसात काडीवरून पाणी ओघळतं आणि खालच्या नव्या पालवीवर पडतं. म्हणून जमिनीत ड्रेंचिंग, म्हणजे झाडाच्या बुडाशी औषधाचं पाणी ओतायला, कुणी सांगितलं तर ते खैऱ्यासाठी करू नका. खोडातून डिंक गळतो त्या डिंक्यासाठी जमिनीतून औषध देतात, तो बुरशीचा रोग आहे आणि त्याचा खैऱ्याशी काही संबंध नाही.

तुमच्या बागेत आला कुठून? जवळपास जुनी लिंबाची बाग नसेल तर उत्तर एकच: रोपांबरोबर. वाऱ्या-पावसाने हा रोग झाडावरून झाडावर, फार तर शिवारातल्या शिवारात जातो. जिल्हा ओलांडतो तो टेम्पोत बसून. हा रोग बियाण्यातून येत नाही. कागदी लिंबाची रोपं बहुतेक बियांपासूनच करतात, म्हणजे वाफ्यात उगवतं तेव्हा रोप निरोगी असतं. पण रोपवाटिकेत पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवलेल्या, वरून पाइपने किंवा फवाऱ्याने पाणी, पालवी सदा कोवळी, शेजारी एखादं जुनं मातृवृक्षाचं झाड खैऱ्याने भरलेलं. दोन पावसात सगळा वाफा लागतो. विक्रीच्या वेळी डागाळ पानं खुडून टाकली की रोप ताजंतवानं दिसतं, काडीवरचा डाग कुणी बघत नाही. आठवडे बाजारात आणि रस्त्याकडेला विकली जाणारी रोपं मी या कारणासाठी कधीच घेऊ देत नाही, दोन पैसे स्वस्त पडली तरी.

उपटण्याच्या प्रश्नाला एक इतिहास आहे, तो सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत फ्लोरिडात हा रोग १९१० च्या सुमारास जपानहून आलेल्या रोपांबरोबर पोचला. १९१५ मध्ये क्लारा हॅसे या संशोधक बाईंनी तो जिवाणूमुळे होतो हे सिद्ध केलं. झाडं जाळून जाळून १९३३ पर्यंत त्यांनी रोग संपवला. तो पुन्हा आला, १९८६ मध्ये आणि नंतर १९९५ मध्ये. तेव्हा रोगट झाडाभोवती १,९०० फुटांच्या आत असलेलं प्रत्येक लिंबूवर्गीय झाड, निरोगी असलं तरी, तोडायचा नियम झाला. लाखो झाडं गेली, लोकांच्या परसातली सुद्धा. २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी रोग एवढा पसरवला की जानेवारी २००६ मध्ये सरकारने निर्मूलनाचा कार्यक्रमच सोडून दिला. ऑस्ट्रेलियाने मात्र क्वीन्सलँडमधल्या एमराल्ड भागात २००४ मध्ये आलेला रोग झाडं काढून संपवला, आणि २०१८ मध्ये उत्तरेकडे पुन्हा आला तोही २०२१ पर्यंत संपवला. कारण तिथे तो पाहुणा होता आणि लवकर सापडला. आपल्याकडे तो पाहुणा नाही. इंग्लंडमधल्या क्यू उद्यानाच्या संग्रहात डेहराडून परिसरातून १८२७ ते १८३१ च्या दरम्यान नेलेले लिंबूवर्गीय पानांचे नमुने आहेत, त्यांच्यावर खैऱ्याचे डाग सापडले. त्याचं मूळ घरच आशियात आहे. तुम्ही दोन एकर उपटून नवी बाग लावलीत तरी आसपासच्या शिवारातून, नाहीतर नव्या रोपांतूनच, तो पुन्हा येणार. त्याच्यासोबत राहून त्याला दाबून ठेवणं हेच आपलं काम आहे, आणि ते जमतं. एकच अपवाद: एखाद्या झाडाच्या मुख्य खोडावर आणि मोठ्या फांद्यांवर डागच डाग असतील, वाढ खुंटली असेल, तर ते झाड काढा. ते झाड उभं राहून बाकीच्यांना रोग पुरवत राहील.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट बोलतो. स्ट्रेप्टोमायसिन असलेली पावडर वर्षानुवर्षं आपल्याकडे ताम्रयुक्त औषधात मिसळून मारली जाते. ती पानावर थोडे दिवस टिकते, गाठीच्या आतल्या जिवाणूपर्यंत पुरेशी पोचत नाही, आणि तीच ती वारंवार मारली की तिला न जुमानणारे जिवाणू निवडून निवडून उरतात. हेच औषध माणसाच्या क्षयरोगावरही वापरतात, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला तो याच काळजीतून. तुम्ही चार वेळा नुसतं तेच मारलंत, पाचव्यांदा नको.

आपला आधार तांबं. पण तांबंही रोग बरा करत नाही. पानावर त्याचा पातळ थर बसतो, पाऊस पडला की त्यातून तांब्याचे कण थोडे थोडे सुटतात आणि जिवाणू आत शिरण्याआधी मरतो. पान मोठं होत गेलं की थर ताणला जातो, मध्ये उघडी जागा राहते, आणि पावसाने तो धुपतोही. म्हणून एकाच फवारणीवर पालवी पार पडत नाही. पालवी फुटून पानं तिसरा हिस्सा ते अर्धी पसरली की पहिली फवारणी, त्यानंतर पालवी कडक होईपर्यंत दर २१ दिवसांनी, पावसाचा जोर असेल तर १५ दिवसांनी. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के असेल तर दहा लिटर पाण्यात ३० ग्रॅम, सोबत चिकटद्रव्य. नोझल खालून वर धरा, छिद्रं खाली आहेत हे विसरू नका. भर दुपारी, कडक उन्हात तांबं मारलं तर कोवळं पान आणि फळ करपतं. आणि गरज नसताना मारू नका. तांबं जमिनीत साठत जातं, शिवाय अर्जेंटिनात तांब्यालाही दाद न देणारे खैऱ्याचे जिवाणू सापडले आहेत.

छाटणीनंतरच्या फवारणीला मला बाजारातल्या कशाहीपेक्षा ताजं बोर्डो मिश्रण आवडतं. एक टक्क्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या टिपात पाण्यात लोंबकळत ठेवा, सकाळपर्यंत विरघळतो. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. चुना वेगळ्या टिपात थोड्या थोड्या पाण्याने फुलवा आणि गाळून घ्या, खडे राहिले तर नोझल तुंबून दिवस वाया जातो. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओता, एकजण ओतेल आणि दुसरा लाकडी काठीने ढवळत राहील. रंग सुरेख आकाशी यायला हवा. आता घासून चकचकीत केलेला विळा किंवा चाकूचं पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, पानं जाळेल, अजून चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा बघा. पातं स्वच्छ निघालं की फवारायला घ्या आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी उरलेल्याला अर्थ नाही.

छाटणी कोरड्या हवेतच. आत्ता पावसात कात्री लावली तर तुम्हीच कात्रीने रोग पसरवाल. हस्त बहाराची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याची, फळं उन्हाळ्यात निघाली की मेअखेर, मृगाच्या आधी, डाग असलेली प्रत्येक काडी डागाच्या वीतभर खालून काढा. दर झाडानंतर कात्री स्पिरिटने किंवा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्याने पुसा. छाटलेल्या काड्या आणि खाली पडलेली पानं बांधावर रचून ठेवू नका, त्याच दिवशी जाळा किंवा खड्ड्यात पुरा. जाड कापांना बोर्डो पेस्ट, आणि सगळ्या झाडावर एक टक्का बोर्डो. पाऊस पडण्याआधी काड्यांवर तांब्याचा थर असला पाहिजे. वर्षातल्या सगळ्या फवारण्यांत ही एक चुकवू नये अशी आहे.

वाऱ्याची सोय करा. केळीवाले बागेच्या कडेने शेवरी आणि गजराज गवत लावतात ते तुम्ही पाहिलंच आहे. तेच लिंबाला हवं, पण कायमस्वरूपी: पश्चिम आणि दक्षिण बांधावर शेवरी, गिरीपुष्प किंवा बांबूची दाट रांग. पावसाळी वारा तिकडूनच येतो. रांगेमुळे वारा पूर्ण अडत नाही, पण त्याचा वेग उतरला तरी थेंबाचा जोर जातो. माझ्या मते खैऱ्यावर यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ उपाय नाही, आणि लोक सगळ्यात कमी तोच करतात.

पाणी आणि खतातही रोगाचं मूळ असतं. ठिबक आहे ते उत्तम, रेनगन किंवा तुषार लिंबाला लावू नका. युरियाचे छोटे छोटे हप्ते वर्षभर देत राहिलात तर पालवी वर्षभर फुटत राहील, म्हणजे फवारणीचा मेळ कधीच बसणार नाही. खत बहाराच्या हिशोबाने द्या, म्हणजे पालवी एकदम येईल आणि एकदम कडक होईल. बहाराचं सांगायचं तर मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, खैऱ्याच्या तोंडी जातो, कारण फळ नाजूक असतानाच पाऊस असतो. हस्त बहारात सप्टेंबर-ऑक्टोबरला फूल, पुढे कोरडी हवा, आणि फळ मार्च ते मे मध्ये बाजारात, जेव्हा लिंबाला मागणी असते. रोग आणि भाव दोन्ही बाजूंनी तो आपल्या खान्देशला सोयीचा आहे. सप्टेंबरात पाऊस लांबला तर फुलोऱ्याआधी पाणी तोडून झाडाला द्यायचा ताण नीट बसत नाही ही त्याची अडचण. तिथे संजीवकांचा, म्हणजे झाडाची वाढ आवरणाऱ्या रसायनांचा, वापर करावा लागतो, तो कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच करा.

एक गोंधळ टाळा. लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग नावाचा दुसराही जिवाणूजन्य रोग होतो. त्याचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो, सिट्रस सिला नावाची बारीक कीड तो पसरवते, पानं एका बाजूला पिवळी एका बाजूला हिरवी अशी चट्टेरी होतात, फळं वेडीवाकडी राहतात, आणि त्यावर इलाज नाही, झाड काढावंच लागतं. त्याची माहिती वाचून खैऱ्याच्या बागेला कुऱ्हाड लावणारे मला भेटले आहेत. तुमच्या वर्णनात त्यातलं काहीही नाही.

आता या पंधरवड्यात एवढं करा. पाऊस पडून गेल्यावर पानं वाळेपर्यंत बागेत कुणालाही जाऊ देऊ नका, मजूर ओल्या पानांतून फिरला की त्याच्या हातावरून, कपड्यांवरून रोग ओळीने पुढे जातो. पिकलेली डागाळ फळं कोरड्या दिवशी तोडून वेगळी विका. नवी पालवी निघालेली असेल तर उघडीप मिळताच निंबोळी अर्क, आणि दोन दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराइड. गुडघ्याच्या खाली लोंबणाऱ्या रोगट काड्या खुणेसाठी रिबीन बांधून ठेवा, मेमध्ये शोधत बसावं लागणार नाही. ज्या झाडांच्या खोडावर डाग आहेत ती मोजा. दहा-पंधरा निघाली तर पाऊस संपल्यावर काढा आणि नांग्या, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागा, पुढच्या वर्षी भरा, घाईने आत्ता नको. रोपं घेताना साई शरबती किंवा फुले शरबती हे कागदी लिंबाचे वाण कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या, आणि गाडीत चढवण्याआधी प्रत्येक रोपाचं पान उलटून आणि काडी बोटांत फिरवून बघा. एका रोपावर जरी खरबरीत डाग लागला तरी तो सगळा वाफा सोडून द्या.